खोल खड्ड्यात पाणी किती येणार? हिशेब पंपापुरता नको

मेट्रो स्थानक किंवा खोल तळघर खोदताना कडेने काँक्रीटची भिंत जमिनीत उतरवली की पाणी थांबलं, असा समज असतो. प्रत्यक्षात पाणी भिंतीच्या बुडाखालून वळसा घेऊन खड्ड्यात येतं. किती येईल, ते डार्सीच्या नियमाने काढतात: मातीची पाझरक्षमता, पाण्याचा उतार आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. गोम पाझरक्षमतेत आहे. तिचा अंदाज दहापट चुकला, तर पाणीही दहापट चुकतं.

शिवाय हा हिशेब भिंत अखंड धरून केलेला असतो. जर्मनीत कोलोन इथे ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या खड्ड्याच्या सदोष भिंतीतून पाणी-वाळू आत घुसली. शहराचं अभिलेखागार कोसळलं, दोघांचा जीव गेला.

म्हणून परवानगी देताना पंप किती, एवढंच विचारून भागणार नाही. शेजारच्या विहिरींची पातळी रोज कोण मोजणार, हेही ठरायला हवं.