आधी पंचाची चाल तपासा
 पत्र्याला वाटीचा किंवा झाकणाचा आकार द्यायचा, तर हल्ली प्रेसच्या आधी संगणकावर पंच, म्हणजे पत्रा साच्यात दाबणारा ठोकळा, चालवून पाहतात. तिथले उत्तर प्रेसशी जुळले नाही, की खापर पहिल्यांदा पत्र्यावर फुटते. माझ्या मते तपास पंचाच्या चालीपासून सुरू व्हावा. हिशेब साधा आहे. पंच 50 मिलिमीटर खाली आणायचा, वेग मिलिसेकंदाला 2 मिलिमीटर, म्हणून वेळ दिला 25 मिलिसेकंद. पण धक्का बसू नये म्हणून त्याच वेळेत वेग पहिल्या 2 मिलिसेकंदांत चढता आणि शेवटच्या 2 मध्ये उतरता ठेवला, तर पंच 46 मिलिमीटरवरच थांबतो. वाटी 4 मिलिमीटर उथळ निघते. त्यात पत्र्याचा काय दोष? कोणी म्हणेल, पत्र्याची ताकद कॉइलगणिक बदलते. बदलते, खरे, पण ती तपासायला नमुना ताणून तोडावा लागतो, पंचाच्या चालीचा आलेख पाहायला मात्र पाच मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरी प्रेसही भाराखाली थोडी ताणली जातेच, मग संगणकाकडूनच अचूकतेचा हट्ट कशाला? उलट, म्हणूनच हवा. मॉडेलमधली चाल नेमकी असेल, तरच प्रेसची चूक वेगळी काढता येते. मोजपट्टीच सैल असेल, तर कापड आखूड होते की शिंप्याचा हात चुकला, हे ठरवायचे कसे?