लपवायचं काही नाही, तर दाखव ना!

आपल्या ग्रुपवर इराणी सिनेमाची लिंक आली की सोबत एक ठरलेलं वाक्य येतं. बघा, एकही घाणेरडा सीन नाही, सगळ्या बायकांच्या डोक्यावर ओढणी, तरी ऑस्कर मिळाला. असगर फरहादीच्या ‘अ सेपरेशन’ला तर आपण जवळजवळ हलाल सर्टिफिकेटच देऊन टाकलंय. सिनेमा २०११ चा. त्या वर्षी बर्लिनला गोल्डन बेअर, पुढच्या फेब्रुवारीत इराणचा पहिला ऑस्कर. अभिमान वाटत असेल तर वाटू दे. पण मीरा रोडला ज्या ज्या मित्रांशी मी या सिनेमाबद्दल बोललो, त्यातल्या बहुतेकांना ओढणी दिसली आणि नवरा दिसलाच नाही.

नवरा म्हणजे नादेर नव्हे. नादेर-सिमीनचं भांडण सगळ्यांच्या लक्षात राहतं: तिला देश सोडायचाय, त्याला अल्झायमर झालेल्या बापाला सोडवत नाही. मी बोलतोय होज्जतबद्दल. सिमीन माहेरी गेल्यावर म्हाताऱ्याला सांभाळायला जी राझिये येते, तिचा हा नवरा. बेकार आहे, कर्जात बुडालाय, तापट आहे. राझिये पोटुशी आहे, देवभोळी आहे. म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात तेव्हा त्याला धुतलं तर गुनाह होईल का, हे ती आधी फोन करून विचारते आणि मगच हात लावते. अशी ही बाई नवऱ्याला मात्र सांगू शकत नाही, की ज्या घरात बायको नाही अशा पुरुषाच्या घरी मी कामाला जाते. का नाही सांगू शकत? कारण तो काय म्हणेल, त्याच्या डोक्यात काय येईल, हे तिला ठाऊक आहे.

पुढचं सगळं इथून सुरू होतं. म्हातारा घराबाहेर पडतो, त्याला आणायला ती रस्त्यावर धावते, गाडीचा धक्का लागतो. तेही ती कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुखतं म्हणून म्हाताऱ्याला पलंगाला बांधून ती डॉक्टरकडे जाते. तेही लपवते. नादेर तिला घराबाहेर ढकलतो, मूल जातं, खुनाचा खटला उभा राहतो. शेवटी पैशांवर तडजोड ठरते आणि नादेर म्हणतो, कुरआनवर हात ठेवून सांग, माझ्यामुळेच मूल गेलं. तिथे ती थांबते. कारण तिलाच खात्री नाही.

लोक म्हणतात, सिनेमात सगळेच खोटं बोलतात. बरोबर आहे. नादेर बोलतो, त्याची शाळकरी मुलगी तेर्मे बापासाठी जजसमोर बोलते. पण राझियेच्या खोट्याचा कारखाना राझियेच्या डोक्यात नाही, होज्जतच्या डोक्यात आहे. ज्या घरात खरं सांगण्याची किंमत मार किंवा बदनामी असते, तिथे सर्वात प्रामाणिक माणूसही लपवायला शिकतो. मग नवरा म्हणतो, बघा, मला शक होताच.

मराठीत हा विषय आपण शंभर वर्षं हसण्यावारी नेला. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं. मूळ आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक. रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव आधार देतो, ते बायको कृत्तिका बघते. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हातात असते, ती फाल्गुनराव बघतो. झालं. नवरा-बायको दोघंही एकमेकांच्या मागावर, आणि प्रेक्षक पोट धरून हसतोय. आजही संशयी नवऱ्याला फाल्गुनराव म्हणतात. हसू येतं, कारण शेवटी सगळी पात्रं समोरासमोर येतात आणि घोळ सुटतो. फाल्गुनरावाकडे पुरावा म्हणून एक तसबीर होती. आजच्या फाल्गुनरावाकडे लाइव्ह लोकेशन आहे, कॉल लॉग आहे, ‘लास्ट सीन’ आहे, आणि माझ्यासारखा एक कॉम्प्युटरवाला दोस्त आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. नातेवाइकांचे लॅपटॉप दुरुस्त करणं हे आमच्या नशिबातच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या चार-पाच वर्षांत एक नवीनच मागणी यायला लागली आहे. भाई, हिच्या फोनमध्ये असं काहीतरी टाकून दे की मला सगळं दिसलं पाहिजे. विचारणाऱ्यांत ग्रॅज्युएट होते, गल्फमध्ये नोकरी करणारे होते, पाच वक्तचे नमाजी होते आणि जुम्याला पण न जाणारे होते. एकाचा साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते. निकाह व्हायचाय आणि याला तिचा व्हॉट्सअॅप हवाय!

हे काम किती सोपं आहे ते सांगतो, म्हणजे किती घाणेरडं आहे तेही कळेल. दोन मिनिटं फोन हातात मिळाला की ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तिचे मेसेज दुसऱ्या लॅपटॉपवर उघडतात. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून विकली जाणारी अॅप्स तर आयकॉनसुद्धा दाखवत नाहीत. फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, बाईला वाटतं फोन जुना झाला. आणि तिचे फोटो, तिच्या अम्मीशी झालेलं बोलणं, डॉक्टरचे रिपोर्ट कुठल्या तरी देशातल्या सर्व्हरवर जाऊन बसतात. अशा हेरगिरीच्या अॅपपैकी एमस्पायचा डेटा २०२४ मध्ये बाहेर आला. त्याच वर्षी पीसीटॅटलटेल हॅक झालं आणि बंदच पडलं. बायकोची इज्जत सांभाळायला निघालेल्यानं ती अशी चौकात नेऊन ठेवलेली असते.

याला नाव काय देतात? गैरत. शब्द मोठा आहे म्हणून त्याच्यामागे काहीही लपतं. स्वतःची असुरक्षितता लपते, नोकरी गेल्याचा राग लपतो, लग्नाआधी स्वतः केलेले उद्योग लपतात. होज्जतकडेही काम नाही, सावकार मागे लागलेत, कोर्टात त्याचं कुणी ऐकत नाही. जगात त्याचा जोर एकाच माणसावर चालतो. फरहादीला त्याची कणव आहे, मलाही आहे. पण त्या कणवेचं बिल राझियेनं का भरायचं?

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: बायकापण नवऱ्याचे फोन बघतात. हो, बघतात. आणि चूकच करतात. पण पुढे काय होतं ते बघा. तिला काही सापडलं तर घरातल्या बायका तिची समजूत काढतात, मर्द आहे, चालायचंच, घर मोडू नकोस. त्याला काही सापडलं, किंवा सापडल्यासारखं वाटलं, तर त्याच रात्री तिची बॅग भरली जाते. शायराबानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तलाक रद्द झाला, २०१९ मध्ये त्यावर कायदाही आला. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या, तेव्हापासूनची ही मागणी होती. तो शब्द गेला हे चांगलंच झालं. पण त्या शब्दाच्या आधी जी दहा-दहा वर्षांची पाळत असते, तिच्यावर आपण एक मोर्चाही काढलेला नाही.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: शक खरा निघाला तर? फरहादीनं याचं उत्तर ‘अ सेपरेशन’च्या पाच वर्षं आधीच, २००६ मध्ये ‘चहारशंबे सूरी’ या सिनेमात देऊन ठेवलंय. तिथे शक बायकोला आहे. नवऱ्याचं शेजारणीशी काहीतरी आहे असं मोझदेला वाटतं. ती कान लावते, पाठलाग करते, घरकामाला आलेल्या रूही नावाच्या पोरीला शेजारणीकडे हेरगिरीला पाठवते. रूहीचं स्वतःचं लग्न तोंडावर आलंय. मोझदेचा शक खरा आहे, नवरा खोटारडा आहे. तरी इतक्या हेरगिरीतून मोझदेच्या हाती काय लागतं? भर रस्त्यात नवऱ्याचा मार. आणि रूही, जी सकाळी लग्नाच्या खुशीत घरातून निघाली होती, ती रात्री घरी जाताना आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडेही वेगळ्या नजरेनं बघणार, हे आपल्याला कळतं. शक खरा असेल तर समोर बसून विचारा. उत्तर मिळालं नाही तर वडीलधारे आहेत, समुपदेशक आहेत, खुला आहे, तलाक आहे, फॅमिली कोर्ट आहे. नातं मोडण्याचे इज्जतदार रस्ते मजहबनं आणि कायद्यानं दोघांनाही दिलेत. चोरून बघणं त्यात बसत नाही.

मजहबचं नाव काढलंच आहे तर तेही बोलू, कारण गैरतवाले नेहमी तिकडेच धावतात. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत फार शक घेण्याची आणि एकमेकांची टेहळणी करण्याची मनाई एकाच दमात आली आहे. नवऱ्यांना सूट असं तिथे लिहिलेलं नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर मदिनेत तोहमत घेतली गेली तेव्हा सूरह नूरने खडे बोल सुनावले ते अफवा पसरवणाऱ्यांना आणि ती ऐकून गप्प बसणाऱ्यांना. त्याच सूरहमध्ये चार साक्षीदार न आणता बाईवर बदचलनीचा आरोप करणाऱ्याला ऐंशी फटके सांगितलेत. नवऱ्याकडे साक्षीदार नसेल तर त्यानं कसम घ्यायची, आणि बायकोनं उलट कसम घेतली की तिची शिक्षा टळते. म्हणजे तिचा शब्द त्याच्या शब्दाइतकाच वजनदार. यालाच लिआन म्हणतात. १९१९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं याच आधारावर, नवऱ्यानं खोटा आळ घेतला म्हणून बायकोला निकाह मोडून मागण्याचा हक्क मान्य केला. शंभर वर्षं झाली. आपल्या किती मुलींना हे माहीत आहे? निकाहच्या खुतब्यानंतर हे कुणी सांगतं का?

देशाचा कायदाही सांगून टाकतो. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदाच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. नवरा असेल तर माफ, असं त्यात नाही. काही जण लगेच १४ जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे करतील, त्यात नवऱ्यानं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं म्हटलंय. निकाल पूर्ण वाचा. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले तर ते नातं आधीच तुटल्याचं लक्षण आहे, हेही कोर्टानं त्यातच म्हटलंय.

आता सर्वात कडू गोष्ट. हे सगळे मित्र मला शेवटी एकच वाक्य ऐकवतात: तिच्याकडे लपवायचं काही नसेल तर फोन दाखवायला हरकत काय?

हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? रात्री नाक्यावर नाव विचारून झाल्यावर मोबाइल उघड म्हणतात, तेव्हा. भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव सांगताच मालकाचा चेहरा बदलतो आणि कागदांची यादी लांबत जाते, तेव्हा. ९२-९३ नंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं नया नगरला आली ती या नजरेपासून लांब राहायलाच. ती नजर इथेही पोचली. २१ जानेवारी २०२४ च्या रात्रीनंतर दोनच दिवसांत नया नगरमध्ये बुलडोझर आला तेव्हा कोण गुन्हेगार हे ठरायचं होतं, मोहल्ला मात्र ठरून गेला होता. १३ डिसेंबर २०२२ ला राज्य सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या हाताखाली सात जणांची आणखी एक समिती आली, ‘लव्ह जिहाद’वर कायदा करता येईल का ते बघायला. आपल्या पोरानं प्रेम केलं तरी तो कट असतो. शकाखाली जगताना छातीत काय होतं, सरळ उत्तर देतानाही आवाज कसा कापतो, निर्दोष असून आपण फोनमधले फोटो आधीच कसे डिलीट करून ठेवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सरकारचा शक आणि नवऱ्याचा शक सारखा नाही, हे मला कळतं. एकाच्या हातात बुलडोझर आहे, दुसऱ्याच्या हातात फार तर चार्जर. पण ज्या वाक्यानं आपला नाक्यावर अपमान होतो तेच वाक्य घरी आल्यावर तुमच्या तोंडात कसं बसतं? आणि ते ऐकणाऱ्या बाईला तर दोन्ही शक झेलायचे असतात. बाहेर तिच्या नकाबवर, घरात तिच्या पासवर्डवर.

माझ्याकडून कुणाच्या फोनमध्ये काही टाकून मिळणार नाही. काढून मात्र मिळेल, आणि बहिणींनो, त्यासाठी कारण सांगायची गरज नाही. ज्यांचे निकाह ठरलेत त्यांनी निकाहनाम्यात अट घालावी, की ज्याचा फोन त्याचा. निकाह हा करार आहे, अटी घालता येतात, महरसोबत हीपण लिहा. काझी साहेब भुवया उंचावतील. उंचावू द्या.

आणि पुढच्या वेळी ‘अ सेपरेशन’चा शो ठेवाल, तेव्हा तो पोरांचा नाइट शो नको. रविवारी दुपारी ठेवा, बायका येऊ शकतील अशा वेळी. सिनेमा संपल्यावर माइक आधी त्यांच्याकडे जाऊ दे. राझियेनं नवऱ्याला का सांगितलं नसेल, एवढाच प्रश्न विचारा आणि मग तासभर गप्प बसा. प्रोजेक्टर मी घेऊन येतो.