रद्दीत चाललेलं जंगल

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे मासिकांचे गठ्ठे खाली येतात आणि किलोच्या भावाने जातात. त्यात ‘हॉर्नबिल’ किंवा ‘सँक्च्युअरी’चे जुने अंक दिसले, तर दोस्तांनो, काट्यावर चढण्याआधी ते बाजूला काढा.

तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन मिळतं की! बरंच मिळतं, सगळं नाही. शिवाय सर्च आपण विचारू तेवढंच दाखवतो. जुना अंक न विचारलेलंही सांगतो. गिधाडांचंच घ्या. १९८०च्या आसपास ती इतकी होती, की त्यांची काळजी करावी असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पुढे डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन त्यांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. गुरांसाठीच्या या औषधावर २००६मध्ये बंदी आली. आज विशीत असलेल्यांना मात्र गिधाडांविना आभाळच नॉर्मल वाटतं. काय होतं हेच माहीत नसेल, तर काय गेलं ते कळणार कसं?

माणसाची नजर कशी बदलली, तेही या पानांत दिसतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६पासूनचं. त्यात शिकारीच्या हकिकतीही छापून यायच्या. १९४७मध्ये कोरिया संस्थानच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या, महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. जर्नलने ती नोंद छापली, पण संपादकांनी सोबत आपला संतापही छापला. वन्यजीव संरक्षण कायदा आला त्यानंतर खूप उशिरा, १९७२मध्ये. ‘हॉर्नबिल’ १९७६चं, ‘सँक्च्युअरी’ १९८१चं. कायदा झाल्यावर तो अमलात यावा म्हणून चाललेली धडपड त्यांत वाचायला मिळते.

सुरुवातीला फार खर्च नको. ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, रविवारी जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर चक्कर मारा. एखादाच विषय धरा: माळढोक, ताडोबा, पश्चिम घाट. गंजलेल्या पिना काढा, सेलोटेप लावू नका, पावसाळ्यात ओल आणि कसर सांभाळा. महिना-वर्षासह यादी करा. नाहीतर गठ्ठा माळ्यावरून उतरून तुमच्या पलंगाखाली गेला, एवढंच!

आणि संग्रह कुलपात ठेवू नका. प्रोजेक्ट करणाऱ्या मित्राला द्या, कॉलेजच्या लायब्ररीत एक कप्पा मागून घ्या. उद्या तुमच्या गावाजवळच्या माळरानावर ‘इथे कधी काही नव्हतंच’ असं कुणी म्हणालं, तर उत्तर द्यायला छापील पुरावा हाताशी हवा.