पोराच्या हाती जुनी गाडी देण्यापूर्वी



गळीत हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीची कामे निघतात. मिलचे रोलर उतरवतात, बेअरिंग तपासतात, बुश झिजला असेल तर बदलतात. गेल्या हंगामात मिल बंद पडली नाही, म्हणून यंदा उघडायची नाही, असे कोणी म्हणत नाही. पण आपल्या पडवीत उभी असलेली बुलेट, राजदूत किंवा येझदी? तिचा 'ऑफ सीझन' कधी येतच नाही. इंजिन एका किकमध्ये चालू होतंय ना, मग गाडी झकास, असा आपला हिशेब. हा हिशेब खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण बिबवेवाडी. आपल्या भागातली पुष्कळ मुले शिक्षणासाठी नि नोकरीसाठी पुण्यास जातात. त्यांतल्या कित्येकांना बिबवेवाडीत खोली घेणे सोयीचे पडते. स्वारगेटची एस. टी. जवळ, मार्केट यार्ड जवळ, अप्पर इंदिरानगरात विश्वकर्मा इन्स्टिट्यूट. पोराची बसची ओढाताण नको म्हणून घरची जुनी गाडी टेम्पोत घालून धाडली जाते. धाडण्यापूर्वी टाकीला रंग देतात, सीटकव्हर नवे घालतात, हॉर्न मोठा बसवतात. पुढचे चाक मात्र आहे तसेच जाते.

गावात हा दोष झाकून राहतो. मळ्याच्या रस्त्याने तीसच्या वेगात सरळ जायचे, वाटेत बैलगाडी आली तर सावकाश बाजूला घ्यायची. बिबवेवाडीत तसे नाही. हा भाग चढाउताराचा. अप्परहून खाली येताना किंवा कोंढव्याच्या बाजूने आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे उतरताना गाडी आपोआप वेग घेते. त्यात मध्येच रिक्षा थांबते, चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीहून खाली गेलेले असते, पहिल्या पावसात डांबरावर तेलाचा तवंग येतो. उतारावर ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, फोर्क दबतो, आणि गावात वीस वर्षे झाकलेले दुखणे त्या एका क्षणी उघडे पडते.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. सगळेच अपघात गाडीच्या दोषाने होत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण जो दोष आपल्या हाताने काढता येतो तो ठेवायचा कशाला?

गाडी सरळ का चालते, हे आधी समजून घेऊ. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे छोटे चाक पाहा. ते ज्या खिळ्यावर फिरते, त्याच्या मागे ते टेकलेले असते. म्हणून स्ट्रेचर ढकलले की चाक आपोआप दिशेला लागते. मोटारसायकलचेही तसेच. हँडल ज्या दांड्यावर फिरते तो तिरका असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. एवढ्या चार बोटांच्या अंतरावर गाडीचा सरळपणा अवलंबून आहे. पुढच्या स्प्रिंगा बसल्या, किंवा हौसेने मागे उंच शॉकअब्जॉर्बर घातले, की हे अंतर घटते आणि गाडी बुजऱ्या बैलासारखी करते.

आता तपासायचे काय ते सांगतो. मिस्त्रीवर सोपवून चहाला जाऊ नका, स्वतः उभे राहून बघा.

पहिला कोनसेट. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करा. फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा. टकटक लागली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल हलक्या हाताने एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखे वाटले, तर समजा की छऱ्यांनी वाटीला खड्डे पाडले आहेत. खड्डेवाला रस्ता असला की हे व्हायचेच, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते आणि सगळे दणके त्याच एका जागी बसतात. अशी गाडी रस्त्यावर नागमोडी चालते. पुष्कळ ठिकाणी यावर इलाज म्हणून नट आवळून देतात. टकटक थांबते, पण खाच तशीच राहते आणि हँडल जड होते ते वेगळेच. छरे आणि वाट्या एकदमच बदलाव्यात. काही गाड्यांना छऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरचे बेअरिंग मिळते. त्यात भार ठिपक्यावर न पडता रेघेवर पडतो, त्यामुळे ते जास्त टिकते. नीट बसवलेल्या हँडलला टकटक नसावी, आणि बोटाने ढकलले की ते आपल्या वजनाने कडेला जावे.

दुसरे फोर्कमधले तेल. इंजिनचे तेल आपण आठवणीने बदलतो, फोर्कचे वर्षानुवर्षे तसेच. तेल पातळ झाले वा गळून गेले की नुसती स्प्रिंग उरते, आणि एका खड्ड्यावर गाडी चार वेळा नाचते. दोन्ही नळ्यांत तेल सारख्या मापाने, कंपनीने सांगितले तेवढेच घालावे. अंदाजाने जास्त ओतले तर ऑइल सील फुटतो. गळके तेल ब्रेक लायनरवर उतरले, तर उतारावर ब्रेक हातात असून नसल्यासारखा.

तिसरा फोर्कचा पीळ. गाडी कधीकाळी पडली असेल तर दोन नळ्या एका पातळीत राहत नाहीत. दोन्ही नळ्यांवर काचेचा सपाट तुकडा आडवा टेकवून बघा, डुगडुगला तर पीळ आहे. पुष्कळदा नळी वाकलेली नसते, फक्त टीमध्ये फिरलेली असते. बोल्ट सैल करून सरळ करता येते. वाकलेली नळी मात्र ठोकून सरळ करू नये, बदलावी.

चौथे दोन चाकांची रेघ. गवंडी भिंत बघतो तशी सुतळी धरा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी पुढे ताणा आणि हँडल सरळ ठेवून पुढच्या टायरच्या दोन्हीकडचे अंतर मोजा. सारखे नसेल तर मागच्या चाकाचे चेन ताणायचे नट वाकडे बसले आहेत, किंवा मागच्या चिमट्याचा बुश झिजला आहे. हँडल थरथरते म्हणून पुढे शोधावे, आणि दुखणे मागे निघावे, असेही होते.

पाचवा टायर. नक्षी आहे म्हणजे टायर चांगला, असे नव्हे. पडून राहिलेले रबर कडक होते, ओल्यावर धरत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते वाचा. पुढे उभ्या रेघांचा टायर असेल तर तसाच घाला. सैल तारा आवळून चाकाचा आऊट काढून घ्या, आणि हवा गेजने मोजा, अंगठ्याने नव्हे.

काही जुन्या गाड्यांना हँडलच्या मधोमध आवळायची चक्री असते. थरथर दाबण्यासाठी ती पिळून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. हा तापावर नुसती गोळी घेण्याचा प्रकार झाला. ताप का आला ते कोण बघणार?

दूध घालणाऱ्या बांधवांना वेगळे सांगायचे आहे. राजदूतवर कॅन टांगून दूध आणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण कॅन मागच्या आसाच्याही मागे लटकले की पुढचे चाक हलके होते, हँडल हवेत असल्यासारखे वाटते. कॅन होईल तेवढे पुढे आणि खाली बांधा, दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवा.

आणि तरुण मित्रांनो, उंच हँडल, लांब फोर्क, लहान रिम असले प्रकार करू नका. ते वर सांगितलेले चार बोटांचे अंतर बिघडवतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, जुनी विकून नवी घ्या. बरोबर आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सी. सी. च्या वर ए. बी. एस. आणि त्याखाली जोडब्रेक सक्तीचे झाले, ते आपल्या जुन्या गाडीत नाहीत. ज्याला परवडते त्याने नवी अवश्य घ्यावी. पण प्रत्येक घरात ते जमणारे नाही, आणि मैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला तरी त्या गाड्या अजून धावताहेत, हेही खरे. टायर सोडला तर वरची सगळी कामे साधारण एखाद-दुसऱ्या टन उसाच्या बिलात बसावीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुढे चालवताना गाडीची तपासणी करावीच लागते. पण ती पाच वर्षांतून एकदा, आणि कोनसेट तोवर थांबत नाही.

म्हणून आमची संचालक मंडळास एक सूचना आहे. हंगामापूर्वी दोन दिवस कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सभासदांच्या दुचाकींची तपासणी ठेवावी. फिटर आपलेच आहेत, जॅक आहे, गेज आहे. सुट्या भागांचा खर्च ज्याचा त्याने करावा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्या, सांडलेली कांडी आणि चिखल असतो. तेव्हा हे काम केवळ पुण्याला जाणाऱ्या मुलांसाठी नाही, आपल्या सर्वांसाठी आहे.

तोवर निदान एक करा. दिवाळीची सुट्टी संपवून पोरगा बिबवेवाडीला परत निघेल, त्याच्या आदल्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, फोर्क हलवून बघा. टकटक लागली, तर किल्ली आपल्याच खिशात ठेवा. त्याला म्हणावं, आठ दिवस बसनं जा.