दारातला पहिला प्रश्न

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला पाऊस कोसळत होता आणि मी एका मुलीला घेऊन तळेगावहून लोकलने पुण्याला निघाले होते. तेव्हा मी आरोग्यसेविका होते. मुलगी एकोणीस वर्षांची, पाचवा महिना, लग्न झालेलं नाही. घरच्यांनी दार लावून घेतलेलं. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात एक गाऊन, कंगवा आणि दहावीचं मार्कशीट. बायकांच्या एका आधारगृहात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुणाचं आहे?" मुलगी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. फॉर्म भरायला पाऊण तास गेला. पाणी तिला मीच दिलं, माझ्या बाटलीतलं.

त्या बाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. तीन जणींचं काम त्या एकट्या ओढत होत्या. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिलेली आपल्या श्रद्धेची साक्ष वाचताना तो पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

रमाबाई 1883 मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वय 25. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेलेली, मग भाऊ गेला, मग नवरा पटकीने गेला. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही. पुण्यात पंचहौदाला काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचा मूळ मठ वाँटेजला होता, तिथे त्या राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवायला नेलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे होत्या. रमाबाईंनी पाहिलं ते असं, की त्याच बायका आता आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करताहेत. हे कशामुळे झालं, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. उत्तरादाखल तिने येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी नंतर मुद्दाम काढून वाचली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई. पाच नवरे झालेले, आत्ता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नाही. येशूला हे सगळं ठाऊक आहे, तो पुढे ते बोलूनही दाखवतो. पण तिच्याशी पहिलं बोलणं होतं ते पाण्याचं. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. मी वाचता वाचता थांबले. मला माझी बाटली आठवली.

1883 मध्येच, 29 सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन उभं केलं. इंग्लंडातल्या भगिनींचा प्रत्येक शब्द मात्र त्यांनी मानला नाही, धर्माच्या प्रश्नांवर त्यांच्याशीही वाद घातले.

हे मी आमच्या भजनी मंडळात सांगितलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पण त्या बाटल्या ना गं?" हा प्रश्न मी उडवून लावत नाही. रमाबाईंच्या शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या, त्यांचा राग खरा होता. माणूस मोडलेला असताना त्याच्याकडून काही कबूल करून घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की रागावलेल्यांपैकी किती जणांनी स्वतःचं दार उघडलं होतं? ज्यांनी उघडलं ते जोतीराव आणि सावित्रीबाई फुले. गरोदर विधवांसाठी 1863 मध्येच, म्हणजे रमाबाई इंग्लंडला जाण्याच्या वीस वर्षं आधी, आणि तेही पुण्यातच. म्हणजे हे आपल्याला येत नव्हतं असं नाही.

आज अशा बायकांसाठी सरकारी सखी केंद्रं आहेत, समुपदेशकाचं पद आहे. तिथला तात्पुरता आसरा पाच दिवसांचा. पाच दिवसांत अशी मुलगी धड रडूनसुद्धा होत नाही. प्रत्येक आधारगृहात एक बाई अशी हवी, जिच्या हातात फॉर्म नाही. आधी पाणी, जेवण, अंघोळ, झोप. नाव दुसऱ्या दिवशी लिहा, आणि 'कुणाचं' हे तिला सांगावंसं वाटेल तेव्हा.

माझं गाव सुदुंबरे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्याकडे आहे. संताजींना मूठमाती द्यायचं तुकोबांनी वचन दिलं होतं, असं गावात लहानपणापासून सांगतात. तुकोबा आधी गेले. संताजी गेले तेव्हा लोकांनी कितीही माती टाकली तरी चेहरा झाकेना. शेवटी तुकोबा वैकुंठातून आले, तीन मुठी माती घातली, मग झाकला. तेल्याच्या घाण्यावरच्या माणसासाठी वैकुंठ सोडून यावंसं वाटणं, ही आमच्या गावची शिकवण. फुलहॅमची भगिनी मला परकी वाटली नाही ती म्हणूनच.

यंदा संताजींच्या पुण्यतिथीच्या आधी मी भजनी मंडळात विषय काढला आहे. दर गुरुवारी दोघींनी आधारगृहात जायचं. सहा नावं आली, त्यात त्या मावशीही आहेत. पहिल्या दिवशी गायचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशी, टाळ घरीच ठेवा, नुसतं जवळ बसू.