शेवटच्या हातातली नोट

परवा मधल्या सुट्टीत आमच्या पूर्णगडच्या शाळेतली मुले वहीचे कागद फाडून हवेत उधळत होती. "हे काय चालले आहे?" म्हणून दरडावले, तर त्यांतला एक धीट मुलगा म्हणाला, "गुरुजी, नोटा उडवतोय. असं केलं की लोक धावतात, पोलीस अडकतात आणि आपण सुटतो!" मी त्याचा कान धरला नाही. तो प्रसंग मीही पाहिला होता आणि, खोटे कशाला बोलू, पाहताना मनातल्या मनात टाळीही वाजवली होती.

प्रसंग 'फर्जी' या मालिकेतला. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीची ही आठ भागांची मालिका १० फेब्रुवारी २०२३ रोजी प्राइम व्हिडिओवर आली. तिचा नायक सनी हा चित्रकार. थोरांच्या चित्रांच्या हुबेहूब नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. खिसा मात्र रिकामा. आजोबांचा छापखाना आणि 'क्रांती' हे त्यांचे पत्र कर्जात बुडू लागते, तेव्हा हा पठ्ठ्या नोटाच छापतो. शाहिद कपूरने तो झोकात उभा केला आहे, आणि आजोबा झालेल्या अमोल पालेकरांविषयी तर बोलायलाच नको. शेवटच्या भागात पाठलाग ऐन रंगात येतो, भर रस्त्यात खोट्या नोटांची उधळण होते, माणसे त्यांवर तुटून पडतात, आणि नायक निसटतो. पुढच्या पर्वाची आस लावून मालिका थांबते.

गुन्ह्याच्या गोष्टींनी पोरे बिघडतात असा गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतही चोर आहेत आणि सज्जनांपेक्षा तेच मला बरे साधले आहेत. माझे भांडण आहे ते या शेवटाशी. कारण हा शेवटच नव्हे! रस्त्यावर वाकून ज्यांनी त्या नोटा वेचल्या, त्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळ कुठे आहे? खोट्या नोटेची गोष्ट छापखान्यात सुरू होते, हे खरे. पण ती संपते कोणाच्या तरी हातात. त्या हाताकडे कॅमेरा वळतच नाही.

तो हात कसा असतो, हे मी सांगतो. खोटी नोट बँकेत गेली की बँक तिच्यावर ती खोटी असल्याचा शिक्का मारते, ती जप्त करते आणि आणणाऱ्याला एक पोचपावती देते. पैसे देत नाही. एका वेळी चारपर्यंत नोटा सापडल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक सापडल्या तर लगेच फिर्याद. म्हणजे छापणारा, विकणारा, पाच-पंचवीस दुकानांतून फिरवणारा, या साऱ्यांचा हिशेब चुकता होतो, आणि उरलेली सगळी रक्कम भरतो तो एकटा शेवटचा माणूस. "नोट छापून कोणा गरिबाचे काय गेले?" असे ऐटीत विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बड्यांच्या हाताशी नोटा मोजायची यंत्रे असतात. जिथे यंत्र नाही, चष्मा नाही आणि उजेडही पुरता नाही, नेमकी तिथेच खोटी नोट खपते.

गेल्या वर्षीची गोष्ट. कोणत्याशा दुकानातून सुट्ट्यांबरोबर पाचशेची एक नोट माझ्याकडे आली. घरी येऊन पाहिली तर कागद जरा गुळगुळीत लागला. खऱ्या नोटेतला धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो. या नोटेतला काही केल्या बदलेना. मी दिवा लावून नीट पाहायला हवे होते. तसे न करता मी ती घडी करून खिशात ठेवली आणि तिन्हीसांजेला खाडीवरून येणाऱ्या मासेवालीला दिली. तिने ती न पाहताच कनवटीला लावली. गुरुजींची नोट, ती काय पाहायची?

आठवड्याभराने ती आमच्या ओटीवर आली. हातात बँकेची पावती होती. "गुरुजी, ह्या कागदात काय लिवलंय? पैसे कदी मिळतील?" मी वाचून दाखवले. मिळणार नाहीत, हेही सांगितले. ती नोट माझीच होती काय, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मी आत जाऊन पाचशे रुपये आणले आणि म्हणालो, "हे ठेव. पुढच्या मासळीचे आगाऊ समज." खरे कारण सांगायची छाती झाली नाही. बाईने काय करावे? पुढे कितीतरी आठवडे बांगडे, सौंदाळे आणून देऊन तिने ते पाचशे रुपये पैन् पै फेडले! माझे प्रायश्चित्त मीच खाऊन बसलो.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोट बनवणाऱ्याला जी कमाल शिक्षा आहे, म्हणजे जन्मठेप, तीच ती नोट खोटी आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असतानाही चालवणाऱ्याला आहे. सनी आणि मी एकाच पंगतीचे. फरक एवढाच, की माझ्या मागे पार्श्वसंगीत नव्हते.

कोणी म्हणेल, मग सरकारनेच भरपाई द्यावी. पोर्तुगालात १९२५ साली आल्व्हेस रेइस नावाच्या ठकाने बनावट कागदपत्रे दाखवून खऱ्याच छापखान्याकडून नोटा छापून घेतल्या. खऱ्या-खोट्या ओळखू येईनात, तेव्हा तिथल्या बँकेने लोकांना त्या बदलून दिल्या. परंतु तो अपवाद. खोट्या नोटेला खरे पैसे मिळू लागले, तर ठकांचे छापखाने रात्रंदिवस चालतील, हेही मला कळते. म्हणूनच सारा भार आपल्या नियतीवर येतो. पूर्वी रुपया दगडावर वाजवून घेत, पोतदार नाणी पारखून देत. नोट वाजत नाही. तिच्यावर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन छापलेले असते, आणि त्या वचनावर मासेवाली दिवसभराची मेहनत आपल्या हवाली करते. खोटी नोट छापणारा त्या वचनाची नक्कल करतो. ती पुढे ढकलणारा ते वचन मोडतो.

तेव्हा मालिका करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे: नोटा खुशाल उधळा, पण नंतर एकदा तरी त्या वेचणाऱ्या बाईच्या मागोमाग बँकेच्या खिडकीपर्यंत या. तिथे पाठलाग नसेल, पण गोष्ट तिथे आहे. आणि वाचकहो, उद्या लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ठेवायला पेटीतल्या नोटा काढाल, तेव्हा एखादी संशयाची निघाली तर ती अंधारात पुढे सारू नका. तिचे नुकसान आपल्याच घरी थांबू द्या.

हे लिहून झाले की मला खाडीवर जायचे आहे. पाचशे रुपये खिशात आहेत. या खेपेस मासळी घ्यायची नाही. काय झाले ते सांगायचे आहे.