भाडेकरूला घरभर किल्ल्या कशाला?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या कारखान्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाला तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक चिमुकलं स्टिकर चिकटवतो. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. पण या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावलं, तर त्याच भागाचं ड्रॉइंग सुपरवायझरच्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपने आलेलं दिसतं. ते आपोआप गॅलरीत उतरतं आणि रात्री त्याच्या खासगी गूगल खात्यावर बॅकअपला जातं. तिथे त्याला मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंची सोबत असते. सुपरवायझर उद्या नोकरी सोडून शेजारच्या गाळ्यात रुजू झाला, तरी ड्रॉइंग त्याच्याकडेच राहतं. त्यात त्याचा काही डाव असतो असं नाही, ते पुसायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

यावर धंद्यातल्या मंडळींमध्ये दोन मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिलं मत मालकांचं. फोन कर्मचाऱ्याचा, सिम त्याचं, रिचार्ज तो मारतो. मग फोनची काळजीही त्यानेच घ्यावी. आम्ही नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम घातलंय, पुरे झालं. या मताचं खंडन करायला हॅकरची गरज नाही, न्यूयॉर्कच्या बड्या वित्तसंस्थांच्या उदाहरणाने भागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने सोळा संस्थांना मिळून ११० कोटी डॉलरहून अधिक दंड केला. त्यांच्याकडे चोरी झाली नव्हती. कर्मचारी स्वतःच्या फोनवरून कामाच्या गप्पा मारत होते आणि कायद्याने जपायला हव्या असलेल्या त्या नोंदी कंपन्यांकडे नव्हत्या. ‘खासगी फोनवरून कामाचं बोलू नये’ हा नियम त्यांच्याकडेही लिहिलेला होता. तो मोडणाऱ्यांत नियम पाळून घेण्याची जबाबदारी असलेले वरिष्ठही होते. म्हणजे कलम होतं, सह्या होत्या, फक्त कलम पाळता येईल अशी सोय नव्हती. आपल्याकडे दंडाचा धाक आता येतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. ग्राहकांच्या नाव-नंबरांची यादी विक्रेत्याच्या फोनवर होती, ती आमची नव्हे, असं तेव्हा कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरं मत आयटी विभागाचं, आणि ते जास्त धोकादायक आहे, कारण ते शहाणपणाचा आव आणतं. ते म्हणतं, कंपनीचा मेल फोनवर हवा ना? मग फोन आमच्या एमडीएममध्ये, म्हणजे फोन-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदवा. त्यावर आमचं नियंत्रण राहील आणि गरज पडली तर आम्ही तो दुरून पूर्ण कोरा करू. कायदाही म्हणे आमच्या बाजूने आहे. कायद्यातलं ते कलम खरं आहे: नोकरीच्या कारणासाठी, धंद्याची गुपितं सांभाळण्यासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरायला मुभा आहे. पण ही मुभा त्या कारणापुरती आहे. कर्मचाऱ्याच्या बायकोचे दवाखान्याचे रिपोर्ट आणि आईचे व्हॉइस मेसेज यांवर त्या कलमाने कंपनीचा शिक्का बसत नाही.

फोन दुरून कोरा केला की काय काय जातं ते पाहा. टेक्सासमधल्या एका घरबांधणी कंपनीच्या विक्री कर्मचाऱ्याने आपला आयफोन कंपनीच्या मेल-सर्व्हरला जोडला होता. २०१३ मध्ये त्याने नोकरी सोडली, त्यानंतर काही दिवसांतच कंपनीकडून फोन पुसला गेला आणि कामाच्या मेलबरोबर घरचे फोटो, व्हिडिओ, पासवर्ड सगळं गेलं. तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने संघीय कायद्यांखालचे त्याचे दावे फेटाळले. फोटो गमावणं हे संगणक-गैरवापराच्या कायद्यातल्या ‘नुकसाना’च्या व्याख्येत बसत नाही, हे त्यामागचं एक कारण. कंपनी जिंकली. पण त्या ऑफिसातल्या बाकीच्यांनी यातून काय घेतलं असेल? मी त्यांच्या जागी असतो तर फोन नोंदवलाच नसता, मेल गुपचूप स्वतःच्या खात्यावर वळवून घेतला असता.

पूर्ण ताब्याचा आणखी एक तोटा आयटीवाले सहसा बोलून दाखवत नाहीत. सगळ्या फोनांची सूत्रं एका कन्सोलवर आणली की चोरालाही एकाच ठिकाणी जावं लागतं. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेत नेमकं हेच झालं. बारा मंत्रालयं वापरत असलेल्या सरकारी यंत्रणेत हल्लेखोर शिरले ते इव्हांटी कंपनीच्या फोन-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या तोवर अज्ञात असलेल्या त्रुटीतून. राखणदाराच्याच खोलीतून. म्हणून एमडीएम नकोच, असं मी म्हणत नाही. त्याच्या हाती गरजेपेक्षा जास्त सत्ता देऊ नये, एवढंच म्हणतो.

मग करायचं काय? कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये कंपनी भाडेकरू आहे हे आधी कबूल करायचं. भाडेकरूने आपल्या खोलीला हवं तेवढं भक्कम कुलूप लावावं, घरभर किल्ल्या मागू नयेत. हे आजच्या फोनांत जमतं. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ २०१४-१५ पासून आहे. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते. त्या कप्प्यातलं कॉपी करून बाहेर चिकटवायला बंदी घालता येते. माणूस नोकरी सोडून गेला की तेवढाच कप्पा पुसला जातो. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आयटीला त्याचे फोटो किंवा खासगी ॲप दिसत नाहीत. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून असाच मार्ग आहे आणि त्या पद्धतीने नोंदवलेला अख्खा फोन पुसण्याचा अधिकार कंपनीला मिळतच नाही. कंपनी अटी मात्र जरूर घालू शकते: स्क्रीनलॉक हवं, सुरक्षा अपडेट अमुक महिन्यांपेक्षा जुनं नको, नाहीतर मेल बंद. खर्चाची ओरड फारशी टिकत नाही, कारण ज्या मेलसेवेचे पैसे भरता तिच्याच वरच्या योजनेत बहुधा ही सोय मिळते.

काही कर्मचारी म्हणतात, माझ्या फोनला हातच लावायचा नाही. त्यांनाही मी सोडणार नाही. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग खिशात घेऊन फिरायचं आणि कुलपाला नकार द्यायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही. कुलूप नको तर ड्रॉइंगही फोनवर नको, कंपनीचा वेगळा फोन मागा.

काही ठिकाणी तो वेगळा फोन द्यायलाच हवा आणि इथे मी कप्प्याचाही आग्रह धरणार नाही. छोट्या धंद्यात चालू खात्याचा ओटीपी बऱ्याचदा अकाउंटंटच्या खासगी नंबरवर येतो. एसएमएस काही वर्क प्रोफाइलमध्ये राहत नाही. आणि ई-चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइली नेमके एसएमएस वाचायची परवानगी मागतात. पत्रिकेवर बोट दाबणारा घरातला कुणीही असू शकतो. फोन संध्याकाळी मुलांच्या हातात असतो. या नंबरासाठी कंपनीच्या मालकीचा, दुसरं काहीही न टाकलेला साधा फोन घ्यावा, तो ऑफिसच्या कपाटात ठेवावा आणि त्यावर कंपनीने हवा तेवढा ताबा ठेवावा. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर तो शोभतोही. आणि कर्मचाऱ्याचाच फोन वापरायचा असेल, तर त्याच्या खर्चातही वाटा उचलावा. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने तर २०१४ मध्येच सांगितलं की, कामासाठी खासगी फोन वापरणं भाग असेल तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायचा, मग कर्मचाऱ्याचा प्लॅन अमर्याद कॉलचा का असेना. आपल्याकडे ताबा मागणारे बरेच भेटतात, बिलाचा विषय मात्र त्यांच्या तोंडी क्वचितच येतो.

इतकं सोपं असूनही छोटे मालक व्हॉट्सॲप ग्रुप सोडायला तयार नसतात. अडाणीपणामुळे असेल असं मला वाटत नाही. हीच माणसं जीएसटीचं पोर्टल सराईतपणे हाताळतात. कारण वेगळं असावं. वर्क प्रोफाइलला एक बटण असतं. सुटी झाली की कर्मचारी ते दाबतो आणि कामाची सगळी ॲप दुसऱ्या दिवशीपर्यंत गप्प होतात. रात्री साडेदहाला ‘उद्याचं डिस्पॅच काय?’ असं विचारायची सोय संपते. मशीन बंद पडलं तर साधा फोन लागतोच, त्याला हे बटण अडवत नाही. अडतो तो फक्त विनाकारण विचारलेला प्रश्न, आणि माझा संशय असा आहे की सुरक्षेच्या चर्चेत मालकांना खुपतं ते हेच बटण.